चढवणारं आणि झेलणारं: इनडोअर क्लाइंबिंगचं साहित्य कसं निवडावं

इनडोअर क्लाइंबिंगच्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं की नजर आधी भिंतीवरच्या रंगीत होल्ड्सवर, म्हणजे हातपाय टेकायच्या उंचवट्यांवर जाते आणि लगेच चढणाऱ्यांच्या कमरेला लटकणाऱ्या चकचकीत सामानावर. असं काहीतरी आपल्याकडेही हवं, असं वाटायला लागतं आणि घरी येऊन माणूस यादी करायला बसतो. माझीही पहिली यादी अशीच झाली. तीत दोर होता, हातमोजे होते, सहा क्विकड्रॉ (पट्टीनं जोडलेल्या दोन कड्या, भिंतीवर दोर अडकवायला) होते. पुढच्या दीड वर्षात यातली एकही वस्तू मला लागली नाही. लागले ते बूट, आणि नेमके तेच मी चुकीचे घेतले.

तेव्हापासून कुणी साहित्याबद्दल विचारलं की मी आधी एक वाटणी सांगतो. काही साहित्य तुम्हाला चढवतं: बूट, चॉक, ब्रश, टेप, कपडे. काही साहित्य तुम्हाला झेलतं: हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (उघडबंद होणारी धातूची कडी), बिले डिव्हाइस (बिले करताना, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळताना, तो अडवणारं उपकरण), दोर. पहिल्या गटात आवडनिवड चालते, सोय चालते, एखादी चूकही खपून जाते. फार तर बोटं दुखतील. दुसऱ्या गटात आवडीला जागा नाही. तिथं वस्तूवर कोरलेले आकडे वाचायचे, सोबतची पुस्तिका वाचायची आणि ती कशी वापरतात हे जाणत्या माणसाकडून शिकून घेतल्यावरच खरेदीचा विचार करायचा. हा सगळा लेख या वाटणीवर उभा आहे.

पायरी पहिली: तुम्ही नेमकं काय चढणार आहात?

बोल्डरिंगच्या भिंती साधारण ४ ते साडेचार मीटर उंचीच्या असतात आणि खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात. दोर नाही, हार्नेस नाही. बूट आणि चॉक एवढ्यावर तुम्ही वर्षानुवर्षं चढू शकता. एकट्यानं जाता येतं, म्हणून बरेच जण इथूनच सुरुवात करतात.

टॉप रोपमध्ये दोर भिंतीच्या माथ्यावरून आधीच सोडलेला असतो. एक टोक तुमच्या हार्नेसला, दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या बिले डिव्हाइसमधून. इथं हार्नेस आला, बिलेची जबाबदारी आली. दोर मात्र हॉलचाच असतो. ऑटो बिलेमध्ये जोडीदाराची जागा माथ्यावर बसवलेलं यंत्र घेतं. तुम्ही चढाल तसा पट्टा ते आत ओढून घेतं आणि हात सुटला की सावकाश खाली उतरवतं. तिथं फक्त हार्नेस पुरतो. लीड क्लाइंबिंगमध्ये दोर तुम्ही खालून सोबत घेऊन जाता आणि वाटेतल्या क्विकड्रॉमध्ये अडकवत वर सरकता. स्वतःच्या दोराचा प्रश्न तिथं पहिल्यांदा येतो, आणि तोही सगळीकडे नाही, कारण अनेक हॉल लीडसाठीही हॉलचाच दोर वापरायला लावतात.

यातलं काय आपल्याला रुचतंय हे चार-पाच खेपांशिवाय कळत नाही. तोवर सगळं भाड्यानं घ्या. भाड्याचे बूट बेढब असतात, त्यांना वास येतो, पण दर खेपेला वेगळ्या मापाचा जोड मागून घेतलात तर फुकटात मापाचा अंदाज येतो. हार्नेसचंही तसंच. मांड्यांचे पट्टे कुठं रुततात, कमरेचा पट्टा वर सरकतो का, हे लटकून पाहिल्यावरच समजतं.

पायरी दुसरी: बूट, आणि त्यांच्याबद्दलच्या दंतकथा

स्वतःचं पहिलं काही घ्यायचं तर बूटच. होल्डवर पाय कुठं टेकलाय हे तळव्याला कळावं आणि टेकलेला पाय घसरू नये, एवढ्याचसाठी हा बूट असतो. तळ चिकट रबराचा, पुढचं टोक निमुळतं, टाचेभोवती ताणून बसवलेला रबराचा पट्टा. हा पट्टा पायाला मागून पुढे ढकलतो, त्यामुळे जोर अंगठ्यावर एकवटतो.

आता माझी चूक. नेहमीच्या मापापेक्षा दोन नंबर लहान घ्यायचे, असं कुणीतरी ठामपणे सांगितलं आणि विकणाऱ्यानं मान डोलावली. दोन महिन्यांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. चढण्यातलं माझं सगळं लक्ष लवकर खाली उतरून बूट काढण्याकडे असायचं. नंबर उणे करण्याचे असले नियम कुचकामी आहेत, कारण एका कंपनीचा ४१ आणि दुसरीचा ४१ सारखा नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक सापडतो. आकडा विसरा, पाय घालून बघा.

बघायचं कसं? दिवसाच्या उत्तरार्धात जा, कारण दिवसभराच्या वावरानं पाय थोडे फुगलेले असतात. नखं कापलेली असू द्या. मोजे शक्यतो घालू नका. घालणारच असाल तर तेच पातळ मोजे घालून माप घ्या. बूट घातल्यावर सगळी बोटं पुढच्या टोकाला टेकलेली आणि किंचित दुमडलेली हवीत. दाब जाणवावा, कळ येऊ नये. टाचेत पोकळी राहायला नको. टाच हातानं खाली ओढून बघा, ती निसटली तर तो साचा तुमच्या पायाचा नाही. मग एखाद्या अरुंद कडेवर अंगठ्याच्या टोकावर उभं राहा. पाऊल आत गोल फिरत असेल तर बूट सैल आहे. उभं राहताना डोळ्यांत पाणी आलं तर घट्ट आहे. दोन्ही पाय तपासा. एक पाय थोडा मोठा असतोच, आणि मापाचा निर्णय त्याच्याकडे असतो.

आकाराचे ढोबळ तीन प्रकार. सपाट बूट, ज्यात पाऊल जवळजवळ सरळ राहतं. मध्यम बाकाचे. आणि चोचीसारखे खाली वळलेले, जे पुढे झुकलेल्या भिंतींवर पायानं होल्ड ओढून धरायला उपयोगी पडतात. पहिला जोड सपाटच घ्या. चोचवाले बूट घालून कुणी चांगला चढताना दिसला तर तो बुटांमुळे तसा चढत नाहीये, हे लक्षात ठेवा. नवख्यांच्या बुटांचं रबर जरा जाड आणि टणक असतं, याची नाराजी नको. सुरुवातीला सगळेच पाय भिंतीवर फरफटवत वर नेतात आणि मऊ पातळ रबर त्यात बघता बघता झिजतं.

वरचा भाग चामड्याचा की कृत्रिम? अस्तर नसलेलं चामडं वापरानं चांगलंच सैल होतं, कधी कधी जवळपास एका मापानं. कृत्रिम कापड फारसं ताणलं जात नाही, म्हणून आज जसा बसतोय तसाच तो पुढेही बसणार असं धरून घ्या. बंदांमध्ये मी वेल्क्रोच्या बाजूचा आहे. दोन चढायांच्या मध्ये बूट काढायचे असतात, आणि नाडीवाले बूट काढायचा आळस येतो. नाडीचा फायदा रुंद किंवा अगदी अरुंद पायांना होतो.

पायरी तिसरी: चॉक

या चॉकचा फळ्यावरच्या खडूशी नावापुरताच संबंध. हे मॅग्नेशियम कार्बोनेट, जिम्नॅस्ट हाताला लावतात तेच. ते क्लाइंबिंगमध्ये आलं तेही एका जिम्नॅस्टमुळेच: गणिताचे प्राध्यापक झालेले अमेरिकन बोल्डरर जॉन गिल यांनी १९५०च्या दशकात ते खडकावर वापरायला सुरुवात केली. घाम शोषणं हे त्याचं काम. पकडीचं बळ त्यातून येत नाही.

सुटी भुकटी हाताला छान लागते, पण हवेत उडते आणि श्वासात जाते. म्हणून काही हॉलमध्ये तिला मनाई असते. कापडी पुरचुंडीतला चॉक बॉल कमी उडतो. द्रवरूप चॉक अल्कोहोलमध्ये कालवलेला असतो. हातावर चोळला की अल्कोहोल उडून जातं आणि पातळ थर राहतो. तो बराच वेळ टिकतो, पण त्वचा कोरडी पाडतो, आणि बोटाला चीर पडलेली असेल तर असा झोंबतो की विचारू नका. खरेदीआधी हॉलचा नियम विचारा, एवढं पुरे.

दोरावर चढणाऱ्यानं कमरेला पट्ट्यानं बांधायची चॉक बॅग घ्यावी, तोंड कडक असलेली आणि अख्खा हात आत जाईल एवढी. बोल्डरिंगला कमरेवर बॅग नसलेलीच बरी. पाठीवर पडलात तर ती रुतते आणि गादीभर पांढरं होतं. खाली ठेवायचा रुंद चॉक बकेट त्यासाठीच असतो. तो गादीवर नको, कडेला ठेवा. कुणीतरी त्यावर पडतंच.

चॉकचं अती झालं की होल्डवर थर साचतो आणि त्याच थरावरून हात सुटतात. म्हणून ब्रश. डुकराच्या केसांचा किंवा नायलॉनचा, तारेचा कधीच नाही; तार होल्डचा खरखरीतपणा घासून टाकते. आपण वापरलेला होल्ड उतरल्यावर झाडून ठेवणं हा इथला शिष्टाचार आहे.

पायरी चौथी: अंगावरचं आणि बोटांवरचं

कपड्यांसाठी वेगळी खरेदी लागत नाही. गुडघा छातीपर्यंत उचलता आला पाहिजे आणि काही लोंबता कामा नये, एवढंच. हूडच्या नाड्या, गळ्यातली साखळी, सैल ओढणी बाहेर ठेवा; केस घट्ट बांधा, कारण मोकळे केस बिले डिव्हाइसमध्ये ओढले जातात. बोल्डरिंगला खिशात किल्ल्या नकोत.

अंगठीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. अंगठी होल्डमध्ये अडकली आणि शरीर खाली गेलं तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. ‘माझी घट्ट बसते’ हे उत्तर नाही. काढा, आणि निघत नसेल तर चढू नका. याच कारणानं भिंतीवरच्या बोल्टच्या भोकांत बोट घालायचं नाही.

टेपचे उपयोग दोन. सोललेली कातडी झाकायला टेप उत्तम: साधारण सव्वा सेंटिमीटर रुंदीचा न ताणणारा स्पोर्ट्स टेप, कात्री आणि हवं तर नखं घासायची कानस. दुखऱ्या बोटाला टेप गुंडाळून चढत राहणं हा दुसरा उपयोग, आणि तो बहुतेकदा दुरुपयोगच. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, बोटांचे कंडरे आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे मात्र महिने घेतात. बोटाच्या मुळाशी कळ आली तर तो दिवस संपला. हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकून सराव करायची फळीही म्हणूनच पहिल्या वर्षाच्या यादीत नको. वाढीच्या वयातल्या मुलांनी तर त्याच्यापासून दूरच राहावं, कारण त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात.

पायरी पाचवी: हार्नेस

इथून झेलणाऱ्या साहित्याचा प्रांत सुरू होतो. दुकानात हार्नेस हातात घेतलात की रंग बघण्याआधी आतलं लेबल उलटा. त्यावर ईएन १२२७७ (युरोपीय) किंवा यूआयएए १०५ (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं) हे मानक लिहिलेलं असावं, आणि उत्पादनाची तारीख. बसून लटकायचा नेहमीचा हार्नेस या मानकात ‘सी’ प्रकारात मोडतो. लहान मुलांना अजून कंबर आणि ढुंगणाचा उठाव नसतो, उलटं झालं तर ती कमरेच्या हार्नेसमधून निसटू शकतात. त्यांच्यासाठी खांद्यापासून मांडीपर्यंतचा पूर्ण हार्नेस.

कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि आवळल्यावर दोन्ही हातांनी खाली ओढूनही हाडांवरून उतरता कामा नये. सगळ्यात महत्त्वाची कसोटी हीच. बकलमधून बाहेर आलेलं टोक निदान ८ सेंटिमीटर उरावं. मांडीच्या पट्ट्यात हाताचा तळवा सरकावा, मूठ नको. मग दुकानात किंवा हॉलमध्ये त्यात पाच मिनिटं लटकून बसा. उभ्या उभ्या सगळेच हार्नेस छान वाटतात. पाय मुंग्यांनी भरले तर दुसरा बघा.

त्याचे अवयव ओळखून ठेवा, कारण नावांची गफलत इथं महागात पडते. पुढे दोन टाय-इन पॉइंट असतात, एक कमरेच्या पट्ट्याला, एक मांड्यांच्या जोडाला. त्या दोघांना जोडणारं जाड गोल कडं म्हणजे बिले लूप. दोराची गाठ दोन्ही टाय-इन पॉइंटमधून, म्हणजे बिले लूप ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं. बिले डिव्हाइस आणि ऑटो बिलेचा कॅराबिनर बिले लूपला. बाजूची गिअर लूप फक्त सामान टांगायला असतात. त्यात माणूस अडकवला तर ती तुटतात. नवख्यानं ऑटो बिले चुकून गिअर लूपला लावणं ही कल्पनेतली चूक नाही, होते.

लूप झिजतात हेही खरं. २००६ साली अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये टॉड स्किनर यांच्यासारखा मुरलेला क्लाइंबर हार्नेसचा बिले लूप तुटल्यामुळे पडून दगावला. लूप झिजलेला होता आणि ते त्यांच्या सोबत्याच्या नजरेलाही आलं होतं. घटना उघड्या कड्यावरची आहे, पण शिलाई हॉलमध्येही तशीच उसवते. दर महिन्याला टाय-इन पॉइंट आणि बिले लूप बोटांनी चाचपा. धागे फुलले असतील, शिवणीचा एखादा टाका सुटला असेल, किंवा झिजेची सूचना देणारा वेगळ्या रंगाचा आतला धागा दिसायला लागला असेल, तर हार्नेस निवृत्त. बहुतेक उत्पादक कापडी साहित्याला, न वापरता ठेवलं तरी, जास्तीत जास्त १० वर्षं देतात. नियमित वापरात ते आयुष्य पुष्कळच कमी होतं.

पायरी सहावी: कॅराबिनर आणि बिले डिव्हाइस

ही जोडी एकत्रच घ्यायची, आणि बिले शिकून झाल्यावरच. त्याआधी घेतली तर ती कमरेला नुसती मिरवण्यापुरतीच.

कॅराबिनर हवा तो लॉक होणारा, नासपतीच्या आकाराचा रुंद, ज्यावर एचएमएस किंवा गोलातला ‘एच’ कोरलेला असतो. अंगावरचे आकडे किलोन्यूटनमध्ये असतात. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाचा भार. मानकाप्रमाणे गेट बंद असताना लांबीच्या दिशेनं किमान २० किलोन्यूटन. तोच कॅराबिनर आडवा फिरला तर हमी ७वर येते, गेट उघडं राहिलं तर ६ किंवा ७वर. बंद आणि सरळ असताना मिळणाऱ्या बळाचा तो जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून स्क्रू फिरवून झाल्यावर गेट दाबून बघायचं. ज्यांना स्क्रू विसरायची खोड आहे त्यांनी आपोआप लॉक होणारा घ्यावा. बिले लूपमध्ये कॅराबिनर आडवा फिरू न देणारी आतली तार असलेले प्रकारही मिळतात. मी तेच वापरतो.

डिव्हाइसमध्ये दोन घराणी. साधी नळी, जिच्यातून दोराचा फास काढून कॅराबिनरला लावतात. तिथं दोर अडवण्याचं काम तुमचा ब्रेकचा हातच, म्हणजे डिव्हाइसमधून बाहेर आलेला दोर धरणारा हातच करतो. दुसरं, झटका बसला की दोर स्वतःहून दाबून धरायला मदत करणारं. पेट्झल कंपनीचं १९९१ साली आलेलं ग्रिग्री हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. हॉलसाठी माझं मत दुसऱ्या घराण्याला आहे. बिले करणाऱ्यावर अचानक कुणी येऊन आदळलं, त्याला चक्कर आली, तर नळी काहीच करत नाही. बरेच हॉल आता अशा डिव्हाइसचीच सक्ती करतात.

पण ‘मदत करणारं’ हे शब्द नीट वाचा. ब्रेकचा हात दोरावरून कधीच सुटायचा नाही, डिव्हाइस कुठलंही असो. ग्रिग्रीसारख्या उपकरणात दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. घाईनं चढणाऱ्याला दोर देताना आतला फिरता भाग अंगठ्यानं दाबून ठेवायचा आणि त्याच क्षणी वरचा पडायचा. किंवा उतरवताना वेग वाढला की घाबरून दांडी आणखी मागे खेचायची. खरं तर ती सोडून द्यायला हवी. नवीन मॉडेलपैकी काहींत जास्त खेचली तर अडवणारी योजना असते, नवख्याला ती उपयोगी. दोर उलटा भरला गेला तर डिव्हाइस पकडतच नाही, म्हणून चढणारा जमिनीवर असतानाच त्याच्या बाजूचा दोर एकदा हिसका देऊन बघायचा.

डिव्हाइसवर दोराची जाडी लिहिलेली असते, किमान आणि कमाल. ग्रिग्रीला ८.५ ते ११ मिलिमीटर चालतो. जाड, लव सुटलेला जुना दोर अरुंद नळीत भरला तर तो सरकत नाही, पातळ दोर मोठ्या नळीत भरला तर थांबत नाही.

जोडीदार तुमच्यापेक्षा बराच जड असेल तर तो पडल्यावर तुम्ही वर उचलले जाता. पहिल्या क्विकड्रॉच्या जागी बसवायचं एडेलरिड कंपनीचं ओम नावाचं उपकरण दोराला घर्षण देऊन हा फरक कमी करतं. टॉप रोपसाठी बऱ्याच ठिकाणी जमिनीवर वाळूच्या पिशव्या असतात. काहीच नसेल तर जोडीदार बदला, त्यात कमीपणा नाही. मान वर करून दुखत असेल तर प्रिझमचे बिले चष्मे मिळतात. विनोदी दिसतात, काम चोख करतात.

पायरी सातवी: दोर, जर लागलाच तर

लीड शिकलात, नियमित चढता आहात आणि हॉल स्वतःचा दोर आणायला सांगतो, या तिन्हींचं उत्तर हो असेल तरच. घ्यायचा तो डायनॅमिक, ईएन ८९२ मानकाचा, टोकाच्या पट्टीवर गोलातला ‘१’ असलेला, म्हणजे एकेरी वापराचा. ताणला जाणं हाच या दोराचा गुण. ८० किलोचं वजन नुसतं लटकवलं तर त्यानं १० टक्क्यांहून जास्त ताणू नये, आणि पहिल्या प्रमाणित पडण्यात ४० टक्क्यांहून जास्त नाही. अशी किमान ५ पडणी त्यानं सोसली पाहिजेत. न ताणणाऱ्या स्टॅटिक दोरावर लीडमध्ये पडलात तर सगळा झटका शरीरावर आणि अँकरवर, म्हणजे दोर ज्याला अडकवलाय त्या भिंतीतल्या आधारावर येतो. तो दोर या कामाचा नव्हेच.

हॉलमध्ये दोर सारखा घासला जातो, त्यामुळे ९.८ ते १०.२ मिलिमीटरच्या आसपासचा दणकट दोर बरा. लांबी काढताना भिंतीच्या उंचीची दुप्पट करून थांबू नका. पुढे झुकलेल्या भिंतीवरची वाट उंचीपेक्षा लांब असते, शिवाय गाठीला आणि बिलेयरच्या (बिले करणाऱ्याच्या) बाजूलाही दोर लागतो. १५ मीटरच्या भिंतीला ४० मीटर धरून चालतात, पण हॉलला विचारून मगच घ्या. आणि बिलेयरकडच्या टोकाला गाठ मारा. आखूड दोराचं टोक डिव्हाइसमधून सुटून चढणारा जमिनीवर आल्याच्या घटना या एका गाठीनं टळतात.

दोर तपासायचा तो डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हातातून सरकवा. कुठं मऊ पोकळ लागला, चपटा लागला, किंवा वाकवल्यावर गोल कमान न होता तो चिमटीसारखा मोडला, तर तिथं गाभा गेला आहे. टोकाकडचे पहिले काही मीटर आधी झिजतात. तेवढे कापून उरलेला वापरता येतो. कापल्यावर लांबी भिंतीला पुरते का आणि मधली खूण अजून मध्यावर आहे का, हे पुन्हा बघायचं.

पायरी आठवी: जमीन सोडण्याआधीचा अर्धा मिनिट

१९८९च्या मे महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या ब्यू इथं लिन हिल यांनी दोर हार्नेसमधून ओवला आणि गाठ पूर्ण करायची राहून गेली. माथ्यावर पोचून उतरण्यासाठी त्या दोरावर रेलल्या आणि २० मीटरहून जास्त उंचीवरून खाली आल्या. झाडामुळे वाचल्या. त्या काळातल्या जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबर्सपैकी त्या एक होत्या. अज्ञानातून ही चूक होत नाही. सवयीचं काम करताना मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं की होते.

म्हणून एकमेकांना तपासा, दर खेपेला, बोटानं दाखवत. चढणाऱ्याची बकलं, आठाची गाठ दोन्ही टाय-इन पॉइंटमधून गेली आहे का, गाठीतले पदर जोडीनं आणि समांतर आहेत का, शेपूट निदान १० सेंटिमीटर उरलंय का. बिलेयरचं बकल, दोर योग्य दिशेनं भरलाय का, कॅराबिनर लॉक आहे का. गाठ बांधताना कुणी हाक मारली तर गाठ पुरी करून मग ओ द्या.

ऑटो बिलेला जोडीदार नसतो, आणि तिथली मोठी चूक एकच: लावायलाच विसरणं. दिवसभर बोल्डरिंग करून थकलेला माणूस ऑटो बिलेच्या भिंतीसमोर येतो आणि हात आपोआप होल्डकडे जातात. मी स्वतःला लावलेली सवय अशी: दोन्ही पाय जमिनीवर असताना कॅराबिनर लावायचा, लॉक दाबायचा, पट्टा खाली खेचून तो परत आत ओढला जातोय हे बघायचं, आणि मगच पहिला होल्ड धरायचा.

हेल्मेट इनडोअरमध्ये बहुतेक ठिकाणी सक्तीचं नाही. लीड शिकताना ते घालायला माझी हरकत नाही, कारण दोर पायामागे गेला असताना पडलं तर माणूस उलटा होऊन डोकं भिंतीवर आपटतं. घ्यायचंच तर ईएन १२४९२चं, सायकलचं नव्हे.

निगा

बूट घालून हॉलभर फिरू नका, आणि प्रसाधनगृहात तर अजिबात नाही. चढण्याआधी तळ ओल्या फडक्यानं पुसला की रबर पुन्हा धरायला लागतं. वापरल्यावर उघडे ठेवून वारा लागू द्या. बंद गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवले तर डिंक सुटतो. पुढच्या टोकाचा तळ झिजत वरच्या पातळ पट्टीला भिडायला आला की नवा तळ लावून घ्यायची वेळ झाली. पट्टीला भोक पडेपर्यंत थांबलात तर काम वाढतं आणि बूट पूर्वीसारखा बसतही नाही.

हार्नेस आणि दोर कोमट पाण्यात, ३० अंशांच्या आत, सौम्य साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हातले अतिनील किरण नायलॉन कमकुवत करतात. बॅटरीतल्या ॲसिडची नुसती वाफ लागली तरी दोर आतून खराब होऊ शकतो, आणि वरून काही दिसत नाही. म्हणून बॅटरी किंवा फिनेलसारखी रसायनं ठेवता त्या कपाटात हे सामान नको. लेबलाजवळ मात्र मार्करनं काही लिहू नका, कापडावर शाई चालते की नाही हे प्रत्येक उत्पादक वेगळं सांगतो. पहिल्या वापराची तारीख पुस्तिकेवर टिपून ठेवली तरी काम होतं.

जुनं साहित्य घ्यायचा मोह झाला तर पुन्हा त्याच वाटणीकडे या. वापरलेले बूट, चॉक बॅग खुशाल घ्या. वापरलेला हार्नेस, दोर, कॅराबिनर मात्र फुकट मिळाला तरी नको, कारण त्यानं काय सोसलंय ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. तुमचा स्वतःचा हार्नेस निवृत्त झाला की तोही तसाच कुणाच्या हाती पडू नये. कचऱ्यात टाकण्याआधी कात्री घ्या आणि बिले लूप, दोन्ही टाय-इन पॉइंट आणि कमरेचा पट्टा कापून टाका.